परसातला जांब, शेंड्यावरचा पाखरांचा: तुमच्याकडे वाटणी कशी होते?

सांदवाडी | १६ नोव्हेंबर

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आमच्याकडे जांब म्हणजे पेरू. मागे मी इथे जांबाची चटणी लिहिली होती, ती कोकणातल्या एका ताईंनी पांढऱ्या, पाणीदार जामची करून पाहिली आणि मला विचारलं, चटणी इतकी पुचाट का झाली? तर इथून पुढे जांब म्हणजे पेरू, कुणी भांडायचं नाही.

गाव मूल तालुक्यात, चंद्रपूर जिल्हा. घरामागे सांदवाडी, म्हणजे परस. पाच जांब, तीन पपया, एक रामफळ, दोन सीताफळं, कुंपणाला तुती आणि विहिरीवर जुना उंबर. जांब मामंजींनी लावलेले. ते होते तोवर नियम सरळ होता: जमिनीवर उभं राहून हात पोचतो तेवढं घरचं, शिडी लागते ते पाखरांचं. आता मामंजी होते सहा फूट आणि मी आहे पाच. त्यामुळे माझ्या राज्यात पाखरांचा वाटा आपोआप वाढला, आणि घरात कुरबुर सुरू झाली.

राघू सकाळी सातच्या सुमाराला येतात. लांबून कलकल ऐकू येते, थवा झाडात शिरतो आणि एकदम सगळं चिडीचूप. हिरव्यात हिरवं, एकही दिसत नाही. मग खाली टप्, टप् सुरू होतं. मान वाकडी करून बराच वेळ बघितलं की एखादा सापडतो: एका पायाने फांदी धरलेली, दुसऱ्या पायात जांब, लहान पोर लाडू धरतं तसा. चोचीने साल सोलायची, आतल्या बियांपाशी जायचं, चार घास खायचे आणि टाकून द्यायचा. लगेच दुसरा. मला राग खाण्याचा नाही येत, टाकण्याचा येतो. बुलबुल तसा नाही. तो एकाच फळावर दोन-दोन दिवस येतो, पार साल पोकळ होईपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी बाजारातून नायलॉनची जाळी आणली होती. मासे धरायच्या जाळ्यासारखी बारीक, उन्हात दिसतही नाही अशी. दोघांनी मिळून दोन झाडांवर टाकली. चौथ्या दिवशी पहाटे झाडात फडफड ऐकू आली. राघू असेल म्हणून गेले तर पिंगळा. उलटा लटकलेला, एक पंख पसरलेला आणि दोन पिवळे डोळे माझ्यावर रोखलेले. ओढ घेऊन घेऊन दोरा पंखाच्या मुळाशी इतका रुतला होता की पिसांत दिसतच नव्हता. ह्यांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून धरला (अंधार झाला की पाखरू शांत होतं) आणि मी शिवणाच्या कात्रीने एकेक दोरा कापला. वीस मिनिटं तरी गेली. सुटल्यावर लगेच उडाला नाही. विहिरीच्या काठावर बसून मान वरखाली करत आमच्याकडे बघत राहिला, मग गेला.

पिंगळा जांब खात नाही हो. तो उंदीर आणि किडे धरायला आला होता, म्हणजे आमच्याच कामाला. जाळी तेव्हाच उतरवली. उतरवताना बुडाशी एक धामण सापडली, ती गेलेलीच.

यंदा बहार चांगला आलाय आणि ह्यांनी परत जाळीचा विषय काढलाय. तुमच्याकडे काय करता?

तुरीचं_वरण | १६ नोव्हेंबर

मामंजींचा नियम बेस. आमच्या आजीचा वेगळा होता: पहिला तोडा देवाचा, दुसरा पाखरांचा, तिसरा पाहुण्यांचा. पाहुणे नेमके दुसऱ्या तोड्याला यायचे.

संत्रेवाला_वरुड | १७ नोव्हेंबर

ताई, तुमचं पाच झाडाचं परस हाय म्हणून जमते. माहा साडेचारशे झाडाचा संत्र्याचा बगीचा हाय. तिथं शेंड्यावरचं पाखराचं म्हटलं तं बँकवाला शेंड्यावर येऊन बसन.

पण इमानानं सांगतो, संत्र्यात पाखराचं नुकसान म्या जेवढं समजत होतो तेवढं नाई निंगालं. आंबिया बहाराची (हिवाळ्यात फुलते तो) फळं सप्टेंबरात पिवळी व्हाले लागली का रोज सकाळी झाडाखाली सडा. फळावर टाचणीएवढं गोल छिद्र अन भवताल नरम. आमचा बुढा म्हणे, बुलबुलाचं काम हाय, फटाके फोडा. दोन वर्स फोडले. मंग एक दिवस रातच्याले टॉर्च घेऊन गेलो तं फळाफळावर मोठाले पतंग बसून, डोळे निखाऱ्यासारखे चमकून राह्यले. रस शोषणारा पतंग. त्याची सोंड साल फोडून आत जाते, त्याच छिद्रातून बुरशी शिरते अन फळ गळते. अन त्याच्या अळ्या वाढते कुठं? धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, गुळवेलीवर अन वासनवेलीवर. म्हंजे धुरा म्या वाढवला अन फटाके बुलबुलाले.

आता बगीच्याजवळची गुळवेल काढून टाकतो, संध्याकाळी धूर करतो, गळलेलं फळ रोज येचून गाडतो. सडा कमी झाला. बुलबुल हायेच, एखादं फुटलेलं संत्रं खाते, खाऊ दे.

डाळिंबवाल्याचं मात्र अलग हाय. राघू डाळिंबात बसले तं मानूस हिशेबात राह्यत नाई. त्याले कोनी दयाधर्म शिकवू नये.

सांदवाडी | १७ नोव्हेंबर

भाऊ, दयाधर्म कुणालाच शिकवत नाहीये. पोटाचा धंदा आणि परस यात फरक आहेच. पण ते पतंगाचं वाचून मी लगेच उठून सीताफळं बघून आले. एकावर तसलं छिद्र आहे खरं.

मृगनक्षत्र | १७ नोव्हेंबर

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता घरची शेती करतो, म्हणून थोडं लिहितो. गुन्हेगार आधी ओळखा. राघूची चोच वाकडी, त्यामुळे फळाला अर्धगोल खाचा पडतात आणि लचका मोठा असतो. बुलबुल, साळुंकी यांची खोल, अरुंद वाटी होते, बहुतेक पिकलेल्या बाजूनेच. खारीच्या दातांच्या बारीक समांतर रेघा उठतात. आणि सकाळी झाडाखाली चोथ्याच्या सुकलेल्या गोळ्या दिसल्या तर तो रातपाळीवाला, वटवाघूळ. ते फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, रस पितं आणि चोथा थुंकतं. म्हणून कधीकधी कडुनिंबाखाली जांबाच्या बिया सापडतात आणि माणूस चक्रावतो.

जांबात खरा शत्रू फळमाशी. वरून फळ ठणठणीत, कापलं की आत वळवळ. जांब लिंबाएवढा झाला की त्याला पिशवी बांधा. फळमाशीही अडते आणि बुलबुलही. बाजारात पांढऱ्या, न विणलेल्या कापडाच्या पिशव्या मिळतात, नाहीतर जुन्या मलमलच्या ओढणीच्या घरी शिवा. कागदाची राघू दोन मिनिटांत फाडतो, कापडाचा त्याला कंटाळा येतो. आणि सगळ्या फळांना बांधू नका, हात पोचेल तेवढ्यांनाच. मामंजींचा नियम आपोआप पाळला जाईल.

जाळी लावायचीच असेल तर जाड दोऱ्याची, पांढरी, डोळ्याला दिसणारी घ्या. भोकात बोट जायला नको. बांबूच्या सांगाड्यावर ताणून लावा, झाडावर नुसती फेकू नका. जीव अडकतात ते सैल जाळीत.

पुण्यात_अडकलेला | १८ नोव्हेंबर

मूळ गाव राळेगाव तालुक्यात, आता अकराव्या मजल्यावर. इथे खिडकीला जाळी आहे ती कबुतरांसाठी, आणि तिच्याबद्दल मला काडीची खंत नाही.

आम्ही पोट्टे मुद्दाम राघूने टोचलेला जांब शोधायचो. उष्टा जांब गोड, अशी खात्री होती. त्यात खरं काही आहे का?

पायरीवरची_सिस्टर | १८ नोव्हेंबर

गोड असतो कारण पाखरू पिकलेलाच निवडतं. चोचीत साखर नसते.

पण दादा, आता पोरांना हे शिकवू नका. आपल्याला वाटतं राघूने टोचलं, आणि रात्री आधी वटवाघूळ येऊन गेलेलं असतं. २०१८ मध्ये केरळात निपाह (वटवाघळांकडून येणारा जीवघेणा आजार) आला तेव्हापासून आम्ही गावात एकच सांगतो: कुरतडलेलं, टोचलेलं फळ कितीही गोड असो, खायचं नाही, तेवढा भाग कापूनही नाही. चांगलं फळसुद्धा धुऊन खायचं. पण म्हणून वटवाघळांना गोफणीने मारत सुटू नका. दाट वस्तीच्या झाडाला त्रास दिला की ती पांगतात आणि नवीन ठिकाणी जातात, फायदा कुणाचाच नाही.

पुण्यात_अडकलेला | १८ नोव्हेंबर

आजवर जगलोच ना सिस्टर 🙂

पायरीवरची_सिस्टर | १८ नोव्हेंबर

जे जगले तेच इथे लिहितात.

हुरडा | २० नोव्हेंबर

राघू परसात का शिरले, यावर कुणी बोलत नाही. आमच्या लहानपणी पांढरकवड्याकडे वावरात ज्वारी असायची. मचाण, गोफण, टिनाचा डबा, शाळा बुडवून राखण. पाखरं खायची, आपण ओरडायचो, तरी घरात दाणा यायचा. मग सोयाबीन आलं. ज्वारीला राखणदार मिळेना, उरलेली डुकरांनी लोळवली, ज्याच्या त्याच्या वावरात सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस. एकट्यादुकट्याने ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच वावरात, म्हणून तोही सोडतो. सोयाबीनच्या शेंगेत राघूला काय मिळणार? धुऱ्यावरच्या बोरी, बाभळी, उंबरही ट्रॅक्टर फिरायला आड येतात म्हणून गेले. आता फळ दिसतं ते तुमच्या परसात, तर तो तिथे येणारच.

भिवापुरी_ठसका | २० नोव्हेंबर

हुरडाभाऊंशी सहमत. आमच्याकडे तर राघू मिरचीही सोडत नाही. लालभडक भिवापुरी मिरची, माणसाच्या डोळ्यात पाणी, आणि हा बी चाटूनपुसून खातो. तिखटाचा जो जाळ आपल्याला होतो तो पाखरांना जाणवतच नाही, त्यांच्या तोंडाची घडण वेगळी. उंदीर, खार मिरचीला तोंड लावून पळतात. बी चावून संपवणाऱ्याला जाळ आणि दूर नेऊन टाकणाऱ्याला मोकळं रान, अशी झाडाची सोय म्हणतात. पण राघू कसला दूर नेतो, तो तर बीच फोडतो! झाडाचा हिशेब बुलबुलावर बेतलेला होता, राघू फुकट्या.

खाटल्यावरून | २१ नोव्हेंबर

एवढा त्रास देतो तर एखादं पिल्लू धरून पिंजऱ्यात ठेवा ना. मिठू मिठू बोलेल तरी.

मृगनक्षत्र | २१ नोव्हेंबर

नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला राघू धरणं, विकणं, पाळणं सगळं गुन्हा आहे. आणि खाऊन जाणारा राघू फक्त हिवाळाभर त्रास देतो, पिंजऱ्यातला पंचवीस वर्षं.

सातबारा | २४ नोव्हेंबर

मला एक शंका आहे आणि ती कुणाला आवडणार नाही. पाखरं बिया पसरवतात म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण रायमुनियाही, म्हणजे घाणेरीही, त्यांनीच पसरवली. काळी फळं बुलबुल खातो आणि आमच्या धुऱ्यावर टाकतो. शेजारचं पडीक वावर रायमुनियाने असं भरलंय की गायही आत जात नाही. शिवाय रोज फळ ठेवलं की पाखरं ऐतखाऊ होतात, असं मला वाटतं.

सांदवाडी | २५ नोव्हेंबर

दादा, रायमुनियाचं खरं आहे. आमच्याही कुंपणात उगवते, मी पावसाळ्यात ओल असताना उपटते.

पण त्याच कुंपणात चंदनाची सात रोपं आली आहेत. कुणी लावली नाहीत. चंदनाचं काळं फळ कोकीळ, बुलबुल खातात आणि उंबरावर बसून बी टाकतात. चंदनाला तशीही शेजारच्या झाडाची मुळं लागतात, आपली मुळं त्यांना चिकटवून ते अन्न ओढतं, म्हणून झाडाखाली पडलेलं बी बरोबर जागी पडतं. ह्यांनी आनंदाने हिशेब मांडायला घेतला होता, तर शेजारचे काका म्हणाले, तोडायला वन खात्याची परवानगी लागते आणि चोर परवानगीच्या आधी येतात.

ऐतखाऊ म्हणाल तर मी बाजारातून आणून काही ठेवत नाही. झाडावर असतं ते असतं, आणि टोचलेली, पडलेली फळं उंबराखालच्या फरशीवर ठेवते. भात, पोळी, फरसाण काही नाही. संध्याकाळी उरलेलं खड्ड्यात, नाहीतर मुंग्या आणि उंदीर. उंदीर आले की मागून साप येतो, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

फवारणीचं मात्र लिहायचं राहिलं. ज्या झाडाचं पाखरांना द्यायचं त्यावर औषध मारायचं नाही. शेजारच्या वावरात फवारणी असली की त्या दिवशी मी फरशीवर काही ठेवत नाही आणि पाणीही झाकते.

सांदवाडी | ९ डिसेंबर

पिशव्यांचा निकाल. पंचेचाळीस शिवल्या. बांधताना एक चूक केली, नाडी देठाला घट्ट आवळली, चार जांब गळाले. नाडी फांदीला बांधायची आणि पिशवी सैल ठेवायची. उरलेल्यांतले बहुतेक बिनकिडीचे निघाले. राघूने तीन पिशव्या उघडून पाहिल्या, एक तर सरळ काढून घेऊन गेला. ह्यांनी जाळीचं नाव घेतलेलं नाही, पण पिशव्या माझ्या जुन्या ओढणीच्या होत्या हेही कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

संत्रेवाला_वरुड | ९ डिसेंबर

ताई, चार गळाले ते आमच्या खात्यात पाठवा.

तुरीचं_वरण | २२ फेब्रुवारी

धागा वर काढतो. पळस फुलला आणि भोरड्या आल्या. एका झाडावर दीड-दोनशे तरी, गुलाबी अंग, काळं डोकं, आणि गलका असा की फोनवर बोलता येत नाही. पळसाच्या फुलातला रस पितात आणि तोंडाला परागकण फासून आमच्या पपईवर येतात. मी एक पूर्ण पपई त्यांच्या नावे सोडली. पाऊण तासात नुसती टोपी उरली. या मध्य आशियाकडच्या पाहुण्या, एप्रिलपर्यंत निघून जातील, म्हणून हिशेब ठेवला नाही. आजीचा तिसरा तोडा.

सांदवाडी | २१ मे

ऊन म्हणजे ऊन. नवतपा (मे अखेरचे नऊ तापलेले दिवस) अजून लागायचाय आणि दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. जांबाचं काही नाही आता, पण उंबर लदलदलाय आणि सगळी वर्दळ तिकडे. तांबट सकाळपासून टुक्-टुक्-टुक्, भांडी ठोकल्यासारखा. हळद्या येतो, कोकिळा येते. (ती ठिपक्याठिपक्यांची, काळा तो नर. आमच्या शेजारीण तिला ससाणा समजून हाकलत होत्या.) हरियालही आले, आपल्या राज्याचा पक्षी. इकडे म्हणतात, हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी पितानाही पायात काडी धरतो. मी त्याला बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर चिखलात उभं राहून पाणी पिताना पाहिलाय, काडीबिडी काही नव्हती. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तो दुसरा असेल.

पण या महिन्यातलं खरं पाहण्यासारखं म्हणजे धनेश. मागच्या गल्लीतल्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत मादीने स्वतःला लिंपून घेतलंय. फक्त एक उभी फट. नर आमच्या उंबरावर येतो, फळं गिळतो, आणि उडत तिकडे जातो. मी काल दुपारभर खिडकीत बसून बघितलं. फटीपाशी चिकटून बसतो, मान झटकतो, आणि गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकावर येतो. तो आत. परत झटका, दुसरा उंबर. असे अकरा मोजले, मग दूध उतू गेलं आणि मोजणी तिथेच थांबली.

पाण्यासाठी दोन मातीची परळं ठेवलीत, उथळ, मधे दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. रोज घासते. न घासलेल्या शेवाळलेल्या पाण्यापेक्षा पाणी नसलेलं बरं.

पायरीवरची_सिस्टर | २१ मे

परळं घासता ते छान. डासांच्या अळ्यांसाठी मी लोकांना ओरडून थकले.

सातबारा | २ जून

ताई, रायमुनिया काढायला माणसं लावली. जागा मोकळी झाली की कुंपणाला तुती लावावी म्हणतो. काड्या मिळतील का? आणि तुमच्या कुंपणातलं चंदनाचं एखादं रोप?

सांदवाडी | ३ जून

तुतीच्या काड्या हव्या तेवढ्या. मृग लागून दोन पाऊस झाले की या, बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर तोडून ठेवते. ओल्या पोत्यात गुंडाळून न्या. चंदन मात्र उपटू देणार नाही, मुळं शेजारच्या झाडाला चिकटलेली असतात, जगत नाही. बुलबुल तुमच्याकडेही आहेत की. आणि येताना रिकामी पिशवी आणा, रामफळाची शेवटची दोन राहिलीत, एक तांबटाने फोडलंय.